आठ फुटी विमानवाहू जहाज आणि त्याच्या मोहिमा

विमानवाहू जहाजाचे खेळणे नेमके किती मोठे करायचे, याचे उत्तर मला फोंड्यातल्या प्लायवूडच्या दुकानात मिळाले. प्लायची शीट आठ फूट लांब आणि चार फूट रुंद येते. जहाजाचा डेक मध्ये कुठेही जोड न देता एकसंध करायचा, हे मी आधीच ठरवले होते, कारण चाकांवर पळणारे विमान जोडावर अडखळले की खेळातला सगळा वेग निघून जातो. तेव्हा डेक आठ फुटांचा झाला आणि पुढचे चढते नाक वेगळे करून त्याला दीड फूट आणखी द्यायचे ठरले.

डोळ्यांपुढे आदर्श होता तो अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने १९८५ साली बाजारात आणलेल्या 'यूएसएस फ्लॅग' या खेळण्याचा. जी. आय. जो मालिकेतल्या पावणेचार इंची सैनिक बाहुल्यांसाठी केलेले ते जहाज साडेसात फूट लांब होते आणि तिकडे ते सुमारे ११० डॉलरना मिळत असे. वरखाली होणारी लिफ्ट, उतरणाऱ्या विमानाला अडवणारी दोरी, हुकूम सोडण्यासाठी ध्वनिक्षेपक आणि सोबत एक अॅडमिरल, असा त्याचा थाट होता. कॉमिक्समध्ये आणि कार्टून मालिकेत हेच जहाज 'कोब्रा' या शत्रुसंघटनेविरुद्धच्या मोहिमांवर निघे. म्हणजे जहाज आणि त्याची कथा ही दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभी होती, आणि मला नेमके तेच हवे होते.

पावणेचार इंचांची बाहुली हा माणूस धरला, तर प्रमाण साधारण १:१८ पडते. या प्रमाणात आपली जुनी विक्रांत केली, तर तिची २१३ मीटर लांबी जवळजवळ बारा मीटर होईल. अमेरिकेचे निमिट्झ वर्गातले ३३३ मीटरचे जहाज केले, तर ते साडेअठरा मीटरचे होईल. उलट, साडेसात फुटांच्या फ्लॅगला १८ने गुणले, तर ते जेमतेम ४१ मीटर भरते, म्हणजे खऱ्या जहाजाच्या आठव्या हिश्श्याएवढे. तरीही ते खेळणे पाहणाऱ्याला प्रचंडच वाटते. माझ्या मते याचे कारण असे की, माणसाच्या अंगाशी येणारी मापे, म्हणजे शिडीची पायरी, कठड्याची उंची, कॉकपिटची जागा, ही बाहुलीला धरून ठेवली आणि बाकीची लांबी हवी तशी आखडली, तर डोळा ती आखडलेली लांबी मोजत बसत नाही. हा नियम मी अखेरपर्यंत पाळला.

बाहुल्या माझ्याकडे होत्याच. माझ्या लहानपणी फनस्कूल कंपनी जी. आय. जोच्या बाहुल्या भारतात काढत असे आणि तिचा कारखाना आपल्या गोव्यातच होता. वाढदिवसाला मिळालेला सैनिक आपल्याच मुलखात तयार झाला आहे, या गोष्टीचा आम्हा मुलांना मोठा अभिमान वाटे. फ्लॅग जहाज मात्र इथल्या दुकानांत मी कधी पाहिले नाही. त्याचे चित्र शेजारच्या एका तारवटी काकांनी बोटीवरून आणलेल्या कॅटलॉगमध्ये पाहिले होते आणि ते पान कितीतरी दिवस माझ्या भूगोलाच्या वहीत होते. आईने बाहुल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. उघडून पाहिले, तर बहुतेकांचे कंबरेपासून दोन तुकडे झालेले, कारण या बाहुल्यांचे धड आणि पाय आतून एका रबरी कड्याने जोडलेले असतात आणि वर्षे लोटली की ते रबर कडक होऊन तुटते. पाठीतला बारीक स्क्रू काढायचा, जुन्या कड्याचा भुगा टाचणीने टोकरून काढायचा, नळाच्या सामानाच्या दुकानात मिळणारे त्याच मापाचे कडे आतल्या आकड्यात अडकवायचे आणि छाती-पाठ पुन्हा मिटवायची. एकेक सैनिक असा उभा राहत गेला, तेव्हा जहाजाचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मला वाटले.

विमान कोणते घ्यायचे, याबद्दल माझ्या मनात दुसरा विचार आलाच नाही. भारतीय नौदलाची सी हॅरियर विमाने १९८३ साली गोव्यातल्या दाबोळीच्या नौदल तळावर आली आणि २०१६ साली तिथूनच निवृत्त झाली. मुरगाव तालुक्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना त्या विमानाचा आवाज सांगायला नको. माझे आजोळ वास्कोचे, त्यामुळे तो आवाज मी सुट्ट्यांमध्ये भरपूर ऐकला आहे. बोगमाळोच्या रस्त्यावर १९९८ साली सुरू झालेल्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर अगदी जवळून पाहता येते. मी भाचरांना घेऊन तिथे गेलो आणि आम्ही वह्यांत रेखाटने केली. पंखांना खाली असलेला उतार, पोटाखालची एकामागे एक चाके, पंखांच्या टोकांची आधाराची बारीक चाके आणि दोन्ही कुशींना असलेले एंजिनाचे फिरते झोत, हे सगळे छायाचित्रापेक्षा प्रत्यक्षात लवकर समजते. त्या झोतांची तोंडे मागे केली की विमान पुढे जाते आणि खाली वळवली की ते हवेत जागच्या जागी उभे राहते. आमच्यासारख्या आखूड डेकाच्या जहाजाला यापेक्षा सोयीचे विमान नाही, कारण उतरताना त्याला ना लांब पट्टी लागते, ना अडवणारी दोरी.

उड्डाणासाठी मात्र चढते नाक हवेच. ब्रिटिश नौदलातल्या डग्लस टेलर या अधिकाऱ्याने १९७०च्या दशकात ही कल्पना मांडली. डेकाच्या शेवटी चढ दिला की विमान थोडे वरच्या दिशेने फेकले जाते आणि पंखांवर पूर्ण भार पेलण्याइतका वेग येईपर्यंत त्याला हवेत उसंत मिळते. त्यामुळे आखूड धावेवर जास्त वजन उचलता येते. आपल्या विराट या विमानवाहू जहाजाच्या नाकाचा कोन १२ अंशांचा होता, नव्या विक्रांतचा १४ अंशांचा आहे. आम्ही विराटचा कोन घेतला. सी हॅरियर १:१८ प्रमाणात ८० सेंटिमीटर लांब होते. ते मी ५५ सेंटिमीटरवर आणले, पण कॉकपिट बाहुलीच्याच मापाचे ठेवले.

सुतारकाम वाड्यावरच्या मेस्तांनी केले आणि मी हाताखाली राहिलो. आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार करून डेकासाठी पाण्यात टिकणारी बारा मिलिमीटरची मरीन प्लाय घेतली. खालचा सांगाडा होडीच्या पद्धतीचा केला, म्हणजे मधोमध तळाचा कणा, त्यावर ठरावीक अंतरावर आडव्या फासळ्या आणि बाहेरून चार मिलिमीटरच्या पातळ प्लायचे आवरण. मेस्तांनी उमेदीच्या काळात होड्यांची कामे केली होती. नाकाकडे आवरण वळवताना त्यांनी ती पट्टी ओल्या गोणपाटात रात्रभर गुंडाळून ठेवली आणि सकाळी ती शिकंज्यांनी थोडी थोडी आवळत फासळ्यांवर बसवली. त्या वळणावर कुठेही चीर गेली नाही. त्यांचे काम बघताना मला जाणवले की, मी आराखड्यात जहाजाची बाह्यरेषा काढत होतो आणि ते मात्र पाणी कुठून वाहील याचा विचार करून हात चालवत होते, हे जहाज कधीही पाण्यात उतरणार नाही हे ठाऊक असूनही.

सर्वांत रमलो ते लिफ्टमध्ये. डेकात विमानाच्या मापाची चौकट कापली आणि तोच कापलेला तुकडा लिफ्टचा पाट म्हणून वापरला, म्हणजे पाट वर आला की डेकाची रेष अखंड दिसते. पाटाच्या चारही कोपऱ्यांना जाड तंगूस बांधून तो लहान पुलींवरून खाली नेला आणि दुसऱ्या टोकाला जाळ्याची शिशाची वजने लावली. वजने पाट आणि विमान यांच्या बेरजेपेक्षा किंचित कमी ठेवायची, म्हणजे विमानासह पाट आपसूक हळू खाली जातो आणि वर आणायला एका बोटाचा जोर पुरतो. नेमके वजन जमेपर्यंत आम्ही शिशाच्या गोळ्या एकेक करून काढत-घालत बसलो होतो. पाट अगदी सावकाश, जराही न कलंडता हँगरमध्ये, म्हणजे डेकाखालच्या विमाने ठेवायच्या दालनात उतरला, तेव्हा धाकट्या भाच्याने खाली ठेवलेल्या बाहुलीचा हात सलामीसाठी वर केला. हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

रंगाचे काम पटकन झाले. कुशींना करडा रंग दिला, आणि डेकाच्या गडद रंगात चाळलेली बारीक रेती मिसळली, कारण खऱ्या डेकावरही चाके आणि पाय घसरू नयेत म्हणून खरखरीत थर असतो. उजव्या कडेला जहाज हाकण्याची खोली, मस्तूल आणि धुराडे यांचा मनोरा उभा केला. नावाची चर्चा बरीच झाली. मुलांना वाघ-सिंहांची नावे हवी होती. आईने 'शांतादुर्गा' सुचवले. शिव आणि विष्णू यांचे युद्ध पेटले असता मध्ये उभी राहून दोघांनाही शांत करणारी ती देवी, ही कथा कवळ्याच्या देवळात मुलांनी तिच्याच तोंडून ऐकलेली होती. भाची म्हणाली, "मग आज्जी, आपले जहाज लढायला नाही, मध्ये उभे राहायला जाईल." त्या एका वाक्याने पुढच्या सगळ्या मोहिमांचे स्वरूप ठरले.

खेळाची जागा म्हणजे आमच्या जुन्या घराचे राजांगण आणि त्याभोवतीचा सोपा. लाल गिलाव्याची जमीन हा समुद्र, खडूने आखलेली बेटे आणि प्रवाह, आणि मधले तुळशीवृंदावन हा आईच्या आज्ञेने तटस्थ प्रदेश, ज्यावरून कोणतेही विमान जायचे नाही. पहिल्या काही खेळांत मुले विमाने उडवत, तोंडाने स्फोट करत आणि शत्रू संपवून टाकत. त्यात जोश होता, पण मोहीम दहा मिनिटांत संपे आणि जहाज नुसते एका जागी पडून राही. एवढ्या मेहनतीने केलेले जहाज गोष्टीत आले पाहिजे, ते नुसते गोष्टीखालचे टेबल होता कामा नये, असे मला फार तीव्रतेने वाटत होते. विमानवाहू जहाजावरचा खरा कस परतीत लागतो. विमान पाठवणे हा अर्धाच पराक्रम आहे. गेलेले विमान परत येताना इंधन संपत आलेले असते, जहाज मधल्या वेळेत दुसरीकडे सरकलेले असते आणि डेक मोकळा असेलच याची खात्री नसते. म्हणून आम्ही नियम केले ते सगळे परतीचे.

पहिला नियम सी हॅरियरच्या स्वभावातून आला. हे विमान हवेत उभे राहते, तेव्हा त्याचा सगळा भार एकट्या एंजिनावर असतो. एंजिन फार तापू नये म्हणून त्यात पाणी सोडतात आणि ते पाणी सुमारे दीड मिनिट पुरते. तेव्हा वैमानिक झालेल्या मुलाने विमान हातात धरून जहाजाच्या डाव्या कुशीशी आणायचे, तिथे स्थिर धरायचे, मग आडवे सरकवून डेकावर उतरवायचे, आणि हे सारे दीड मिनिटात. घड्याळ धाकट्याकडे. दुसरा नियम वजनाचा. उष्ण हवा विरळ असते, तिच्यात एंजिनाचा जोर कमी पडतो, म्हणून अवजड बॉम्ब घेऊन गेलेले विमान ते तसेच घेऊन उभ्याने उतरू शकत नाही. ते आधी समुद्रात टाकावे लागतात. तिसरा नियम असा की प्रत्येक उड्डाण लॉगबुकात लिहायचे, आणि सगळी विमाने परतल्याशिवाय मोहीम पूर्ण झाली असे लिहायचे नाही.

या नियमांनी खेळ पुरता बदलला. गेल्या चतुर्थीच्या सुट्टीतली मोहीम सांगतो. नारळबेट आणि शिंपलेबेट यांच्यात मासेमारीच्या हद्दीवरून तंटा पेटला होता आणि दोन्हींकडच्या सशस्त्र नौका समोरासमोर आल्या होत्या. शांतादुर्गा दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तेवढ्यात मोठ्या भाच्याने, जो त्या दिवशी हवामान होता, वादळ जाहीर केले. वादळात ट्रॉलर उलटले, हेलिकॉप्टरने दोन खेपांत खलाशी उचलून आणले आणि त्याच वेळी गस्तीवर गेलेले सी हॅरियर इंधन कमी झाल्याचे सांगत परत फिरले. हेलिकॉप्टर डेकाच्या बरोबर मध्यावर. ते लिफ्टने खाली न्यायचे, तर बाहेर खरोखरच संततधार लागली होती आणि दमट हवेने फुगलेला पाट चौकटीत घट्ट बसला होता. मी पटाशी आणायला उठलो, पण मुलांनी मला थांबवले. खऱ्या समुद्रात लिफ्ट अडकली असती तर मेस्त आले नसते, असे त्यांचे म्हणणे पडले.

भाचीच्या विमानाखाली बॉम्ब होते. ते टाकल्याशिवाय उतरता येणार नाही आणि खाली पाण्यात तर माणसे तरंगत होती. तिने विमान वळवले, खडूने आखलेल्या हद्दीपलीकडे, सोप्याच्या पायरीपर्यंत नेले, तिथे बॉम्ब सोडले आणि लॉगबुकात इंधनाचे दोन चौकोन खोडले. आता उरलेल्या इंधनात एकदाच उतरण्याचा प्रयत्न शक्य होता. इकडे डेकाचा प्रमुख असलेल्या धाकट्याने हेलिकॉप्टरची पाती मागे दुमडली, ते ढकलत पाठीमागच्या कडेला नेले आणि चाके डेकावर, पण शेपूट बाहेर समुद्रावर, असे उभे केले. खऱ्या जहाजांवरही जागा वाचवण्यासाठी विमाने अशीच शेपूट बाहेर काढून उभी करतात. मी त्याला हे कधी सांगितले नव्हते. त्याने डेकाकडे पाहून ते शोधले होते. भाचीने विमान कुशीशी आणले. तिचा हात थरथरत होता, कारण साठ सेकंद झाल्याचा पुकारा झाला होता. तिने ते आडवे सरकवले आणि टेकवले. पंखाचे टोक आणि हेलिकॉप्टरचे पाते यांच्यात बोटभर अंतर राहिले होते.

रात्री जेवणानंतर मी त्यांना १९७५ सालची खरी घटना सांगितली. सायगाव पडत असताना अमेरिकेच्या मिडवे या जहाजावर निर्वासितांना आणणाऱ्या हेलिकॉप्टरांची दाटी झाली होती. अशा वेळी दक्षिण व्हिएतनामच्या वायुदलातले मेजर बुआंग ली हे पत्नी आणि पाच मुलांना एका लहानशा विमानात बसवून जहाजावर घिरट्या घालू लागले. त्यांनी चिठ्ठी खाली टाकली : हेलिकॉप्टर बाजूला करा, मी उतरू शकेन. कप्तान लॉरेन्स चेंबर्स यांनी लक्षावधी डॉलरांची हेलिकॉप्टर समुद्रात ढकलून देण्याचा हुकूम दिला, डेक मोकळा केला, आणि ते विमान अडवणाऱ्या तारांशिवाय सुखरूप उतरले. मुले बराच वेळ वाद घालत होती. आपणही हेलिकॉप्टर टाकून द्यायला हवे होते का? भाची म्हणाली, अजून माणसे पाण्यात होती, हेलिकॉप्टर टाकले असते तर त्यांना कोणी आणले असते? मोठा म्हणाला, पण शेपूट बाहेर काढून जागा झाली नसती, तर? या प्रश्नावर ते झोपेपर्यंत बोलत राहिले. मला कोणत्याही स्फोटापेक्षा हा वाद अधिक मोलाचा वाटतो, आणि युद्धखेळण्यांबद्दल ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनी मुलांना अशा एखाद्या डेकाभोवती बसवून पाहावे असे मी आग्रहाने सांगेन.

दोन्ही बेटांची बोलणी आता जहाजाच्या हँगरमध्ये चालू आहेत. शिंपलेबेटाच्या प्रतिनिधींना डाव्या बाजूला बसायचे नाही, एवढ्यावर सध्या घोडे अडले आहे. पाट मेस्तांनी कडेने रंधा मारून मोकळा केला आणि कडांना मेण लावून दिले. आता मुलांना इंधन पुरवणारे टँकर जहाज हवे आहे, आणि मागणी रास्त आहे, कारण इतके दिवस समुद्रात उभे राहिलेले जहाज बंदरात न जाता तेल आणणार कुठून? खऱ्या समुद्रात दोन जहाजे चाळीस-पन्नास मीटर अंतर राखून एकाच वेगाने शेजारी शेजारी चालतात आणि मधल्या तारेवर लोंबणाऱ्या नळीतून तेल घेतात. आमच्या प्रमाणात ते अंतर अडीच मीटर होते. राजांगणात वृंदावनाचा तटस्थ प्रदेश न ओलांडता एवढी जागा फक्त पश्चिमेच्या बाजूला आहे, आणि तिथे पागोळ्या पडतात. त्यामुळे टँकरसाठी पुन्हा मरीन प्लायच घ्यावी लागणार. लॉगबुकाप्रमाणे शांतादुर्गेकडे तीन उड्डाणांपुरते इंधन शिल्लक आहे.